भुईगावच्या विहिरींचा तज्ज्ञ

बसा, बसा. चहा टाकलाय, तो उकळेपर्यंत एक गोष्ट सांगतो. हसायचं तर पोटभर हसा, मला राग येणार नाही. ह्या गोष्टीतलं गाढव कोण ते मला फार पूर्वीच कळलेलं आहे. तसे माझ्या हातून घोटाळे काय कमी झालेत? बायकोला विचारा, ती यादी देईल. पण शिकूनसवरून, टाइप करून, खाली सही ठोकून केलेला घोटाळा हा एकच.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी वसईला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. घर जवळच्या वटार गावात, जाणं-येणं सायकलवर. माझी विद्वत्ता म्हणाल तर तळ्यातल्या शेवाळावरचा तीन पानांचा एक शोधनिबंध. तो छापून आला तेव्हा मी त्याच्या पन्नास प्रती मागवल्या होत्या. त्यातल्या सेहेचाळीस अजून माळ्यावर आहेत.

तर एके दिवशी पुण्याहून एक जाडजूड पाकीट आलं. एका इंग्रजी शास्त्रीय त्रैमासिकाच्या संपादकांचं. आत कुणाचा तरी निबंध आणि पत्र : आपण या विषयातले तज्ज्ञ आहात, तरी ह्या निबंधाचं परीक्षण करून तो छापण्याजोगा आहे की नाही ते कळवावं.

तुम्हाला ही पद्धत ठाऊक नसेल तर सांगतो. शास्त्राचा निबंध असा उचलला आणि छापला असं होत नाही. तो आधी एका जाणकाराकडे गुपचूप पाठवतात. लिहिणारा कोण ते तपासणाऱ्याला सांगत नाहीत, आणि तपासणारा कोण ते लिहिणाऱ्याला कळू देत नाहीत. का? तर ओळखपाळख, हेवेदावे मध्ये येऊ नयेत म्हणून. पद्धत सुरेख आहे. फक्त त्यात माणसं असतात, तेवढीच काय ती अडचण.

पाकिटावर 'गोपनीय' असा लाल शिक्का होता. तो शिक्का मी पोस्टमनला दाखवला, स्टाफरूममध्ये एकूण एक माणसाला दाखवला आणि घरी येऊन बायकोला, सुमनला, दोनदा दाखवला.

"विषय काय आहे?" तिनं विचारलं.

"समुद्राकाठच्या विहिरींचं पाणी खारं होणं."

"त्यातलं तुम्हाला काय कळतं?"

आता बघा, ह्या प्रश्नाचं खरं उत्तर एका शब्दाचं होतं. ते लिहून पाकीट परत पाठवलं असतं तर आज तुम्हाला नुसता चहाच मिळाला असता. पण पुण्याच्या संपादकानं तुम्हाला तज्ज्ञ म्हटल्यावर, 'छे हो, मी कुठला' असं म्हणायला फार मोठं मन लागतं. माझ्याकडे ते नव्हतं.

निबंध वाचला आणि मी खदाखदा हसलो. लेखकानं नऊ विहिरींचं पाणी अकरा वर्षं रोज सकाळी तपासलं होतं. कशानं? जिभेनं! चाखायचं आणि शून्य ते सहा आकडा द्यायचा. शून्य म्हणजे गोडं, सहा म्हणजे समुद्र. ह्यावरून तो म्हणत होता की पूर्वी रहाट होते तोवर विहिरी ठीक होत्या. पंप आल्यापासून समुद्राकडच्या विहिरी एकेक करून खाऱ्या होत चालल्यात. पण दर तिसऱ्या दिवशी पंप बंद ठेवला तर विहीर पुन्हा गोडी धरते. गावाचं नाव संपादकांनी काळ्या शाईनं खोडलं होतं. पण पानवेली आणि रजेळी केळी म्हटल्यावर आमच्या पट्ट्याखेरीज दुसरं काय असणार?

लेखक कोण ते मी दोन मिनिटांत ओळखलं. खरं नाव सांगत नाही, आपण त्यांना डॉ. कुरतडकर म्हणू. मुंबईचे. एका परिषदेत माझ्या शेवाळावर भर सभेत हसले होते. मधे एकदा वसईला येऊन आमची वाळवलेली सुकेळीही घेऊन गेले होते. दुसरा कोण असणार? इतकं सफाईदार इंग्रजी, टाइप केलेलं, तक्ते आखलेले, म्हणजे आमच्या गावचं असणं शक्यच नाही. आणि मुंबईत राहणारा माणूस रोज सकाळी इथल्या विहिरी चाखणार कसा? म्हणजे सगळं घरी बसून रचलेलं. मी लेखणी परजली.

पण नापास करायला चूक दाखवावी लागते, आणि मला तर विहिरीचं ओ की ठो कळत नव्हतं. तेव्हा सुमनच म्हणाली, "भुईगावला तुमच्या मास्तरांना विचारा. पाण्यातलं त्यांच्याइतकं कुणाला कळतं?"

इनास मास्तर म्हणजे माझे चौथीचे शिक्षक. निवृत्त होऊन वाडी बघत होते. मास्तरीणबाई वारल्यापासून एकटेच असायचे. रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपली असेल अशा बेतानं मी सायकल काढली. मास्तर अंगणात उन्हात मांडलेली सुकेळी उलटवत बसले होते.

"ये वसंता. आज इकडं कुठं?"

"मास्तर, फार गुप्त काम आहे," मी म्हणालो आणि पाकीट काढलं.

मी एकेक वाक्य मराठीत सांगत निबंध वाचू लागलो. पहिल्या पानालाच मास्तरांचा केळं उलटवणारा हात थांबला. दुसऱ्या पानाला त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, कंटाळले बिचारे. चौथ्या वर्षाच्या तक्त्याशी आलो तेव्हा म्हणाले, "हे पुन्हा वाच." वाचलं. "आणखी एकदा." तेही वाचलं आणि पुढं गेलो.

संपल्यावर म्हणाले, "हे तुझ्याकडं का पाठवलं त्यांनी?"

"तज्ज्ञ म्हणून."

"कशातला?"

मी विषय बदलला. परीक्षणाचा नियम समजावून सांगितला. ते लक्षपूर्वक ऐकत होते.

"म्हणजे लिहिणाऱ्याला कळायला नको की तपासणारा तू आहेस."

"बरोबर."

"आणि लिहिणारा कोण ते तुला कळायला नको."

"नियम तसा आहे मास्तर. पण मला कळलंय. महाबनेल माणूस आहे. आयुष्यात विहिरीत बादली सोडली नसेल त्यानं."

मास्तरांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. पुसायला जरा जास्तच वेळ लावला. मग म्हणाले, "तुला माझ्याकडून काय पाहिजे?"

"चुका."

"खऱ्या?"

"खऱ्या सापडल्या तर बरंच."

"मग पहिल्यांदा ती जीभ तपास. खोटं वाटतंय ना तुला? परीक्षक तपासल्याशिवाय शून्य देत नाही. पुढच्या रविवारी बाटल्यांतून पाणी घेऊन ये, मी चाखतो. मग तुमच्या कॉलेजात यंत्रावर बघ."

पुढच्या रविवारी मी औषधाच्या सात बाटल्या घेऊन हजर. मी काही कमी बेरकी नव्हतो. पाच बाटल्या पाच विहिरींच्या. सहावीत पहिल्याच विहिरीचं पाणी पुन्हा भरलेलं. आणि सातवीत आमच्या माठातलं पाणी, वर चिमूटभर मीठ. बाटल्यांना नुसते आकडे, यादी माझ्या खिशात.

मास्तर घोट घ्यायचे, तोंडात घोळवायचे, थुंकायचे, मग कोरड्या भाकरीचा तुकडा चघळायचे आणि पुढची बाटली. पाच मिनिटांत त्यांनी बाटल्या ओळीनं लावल्या. गोडी इकडे, मचूळ मध्ये, खारट तिकडे. दोन बाटल्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या. "ह्या दोन्ही एकाच विहिरीच्या." आणि सातवी उचलून माझ्या हातात दिली. "ही विहीर नाही. हे गोड्या पाण्यात घरचं मीठ ढवळलंय. समुद्र शिरलेल्या पाण्याला मागून कडसर चव येते. ह्याला मागून काहीच नाही."

मी आ वासून बघत राहिलो. सोमवारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमच्या रसायनवाल्यांनी सिल्व्हर नायट्रेट घालून बाटल्या तपासल्या. क्रम तोच. अगदी तोच. रसायनवाल्यांनी हातातलं काम सोडून मला विचारलं, "कोण आहे हा माणूस?" ज्या माणसाकडं मी चौथीत पाढे म्हटले, त्याच्या तोंडात अख्खी प्रयोगशाळा होती आणि मला पंचवीस वर्षं पत्ता नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, इथं तरी ह्याच्या डोक्यात प्रकाश पडला असेल. पडला ना! आणि कुठं पडला ते ऐका. निबंधाच्या चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की दर घोटानंतर कोरड्या भाकरीचा तुकडा चघळावा. मी कपाळावर हात मारला. चोर! त्या कुरतडकरानं आमच्या मास्तरांची पद्धत चोरली होती!

तसाच सायकल मारत भुईगावला गेलो. "मास्तर, ही तुमची पद्धत आहे. त्या माणसानं चोरलीय."

"चोरली असं कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मी डोळ्यांनी बघितलं तुम्हाला."

"ते लिहू नकोस," मास्तर म्हणाले. "ते तुला सिद्ध करता येणार नाही."

किती थोर मन, मला वाटलं. चोरालाही सांभाळून घेतात. आणि तिथल्या तिथं मी ठरवलं की ह्या निबंधाला आता पाणी मागू द्यायचं नाही.

"मग खरी चूक सांगा मास्तर. एक तरी."

मास्तर समोरच्या माडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चौथ्या वर्षाचा तक्ता काढ. मार्च-एप्रिल. बाकी सगळीकडं आकडे कसे आहेत? आज दोन, उद्या तीन, परवा पुन्हा दोन. जीभ अशीच चालते. आता हे चाळीस दिवस बघ."

मी बघितलं. दोन, दोन, दोन, तीन, तीन, तीन, चार. कसे शहाण्या मुलांसारखे एका ओळीत वर चढत गेले होते.

"हे चाखलेलं नाही," मास्तर म्हणाले. "हे घरी बसून भरलंय."

"पकडला!" मी जवळजवळ नाचलोच.

"पकडला. हे लिही."

"खोटारडा आहे असं लिहू?"

"तो शब्द तुझा तू ठरव. चाखलं नाही आणि चाखल्यासारखं लिहिलं, एवढं खरं आहे."

मी काय लिहिलं असेल? दोन पानं लिहिली. एक : जिभेची पद्धत अत्यंत भरवशाची आहे, ती मी स्वतः प्रयोगशाळेत पडताळली. दोन : पण ती लेखकाची नाही. ती भुईगावच्या एका वयोवृद्ध शिक्षकाची असून लेखकानं चोरली आहे. तीन : चौथ्या वर्षाचे चाळीस दिवसांचे आकडे बनावट आहेत. चार : लेखकानं पुन्हा लेखणी उचलण्याआधी वसईला येऊन एखाद्या जाणत्या माणसाच्या पायाशी बसावं. शिफारस : छापू नये.

पंधरा दिवसांत संपादकांचं कार्ड आलं. त्यांनी लिहिलं होतं की इतकी वर्षं परीक्षणं वाचतोय, पण परीक्षकाला विषय खरोखर कळतो असं वाटायला लावणारं हे पहिलंच. सोबत आणखी दोन निबंध तपासायला पाठवले होते. ते कार्ड मी स्टाफरूमच्या फळ्यावर टाचणीनं लावलं. आठवडाभर चालताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

आणि मग एका दुपारी कॉलेजात मला भेटायला फादर आले. हे मास्तरांचे पुतणे, शेजारच्या धर्मग्रामात धर्मगुरू होते. शांत माणूस, पण त्या दिवशी लालबुंद झाले होते.

"सर, तुमची मदत पाहिजे. काकांनी विहिरींवर निबंध लिहिला होता. मराठीत. मी त्याचं इंग्रजी केलं, चर्चच्या टाइपरायटरवर टाइप केला, पुण्याला पाठवला."

माझ्या हातातला खडू टेबलावर पडला.

"काकांना नावाची हौस नाही हो," फादर सांगत होते. "पण पंपवाले म्हणतात, म्हाताऱ्याच्या जिभेवर कोण विश्वास ठेवणार. छापून आलं असतं तर ऐकलं असतं त्यांनी. ह्या उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या आणखी दोन विहिरी गेल्या. आणि त्या पुण्यावाल्यांनी कुठल्या गाढवाला तपासायला दिला बघा." त्यांनी टेबलावर कागद ठेवला.

माझीच दोन पानं. माझंच इंग्रजी. नाव तेवढं नव्हतं.

"हे वाचा," फादर म्हणाले. "म्हणे पद्धत भुईगावच्या वयोवृद्ध शिक्षकाची आहे, ती लेखकानं चोरली. सर, भुईगावात इतका वयोवृद्ध शिक्षक एकच आहे. म्हणजे माझ्या काकांनी माझ्या काकांच्या घरी चोरी केली?"

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, मलाच सांगता येणार नाही.

"आणि पायाशी बसा म्हणतो! काकांनी आता कुणाच्या पायाशी बसायचं? स्वतःच्या? बरं, हा परीक्षक लांबचा नाही. त्याला भुईगाव ठाऊक आहे, काका ठाऊक आहेत. सर, तुम्हाला कोण वाटतो?"

"फादर," मी म्हणालो, "चहा घेणार?"

"काका तर काही बोलतच नाहीत. कागद वाचून दाखवला तर हसले. म्हणाले, परीक्षक बरोबर आहे, वसंताला नेऊन दाखव, तो समजेल."

फादरना वाटेला लावून मी सायकल काढली ती थेट भुईगाव. मास्तर ओट्यावर बसले होते. मी जाऊन त्यांचे पाय धरले. चौथीतसुद्धा इतके घट्ट धरले नव्हते.

"मास्तर, सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठं? तू म्हणालास, लिहिणारा कोण ते तुला ठाऊक आहे." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "अरे, तुमचा नियम आहे ना, एकमेकांना कळता कामा नये. तू तर आल्या आल्याच नियम मोडलास. एकानं तरी पाळायला नको?"

"आणि ते चाळीस दिवस?"

मास्तर आत बघत राहिले. आत भिंतीवर मास्तरीणबाईंचा फोटो होता.

"ती चाळीस दिवस अंथरुणाला होती. मी तिच्या उशाशी. विहिरीकडं कोण बघतो? ती गेल्यावर एकदा वही उघडली, तर चाळीस घरं मोकळी. ती बघवेनात मला. बसल्या बसल्या भरून टाकली." ते थांबले. "निबंध लिहिताना वाटलं, कोण विचारणार आहे? मग तू वाचायला बसलास. म्हटलं, हा परीक्षक आहे, ह्याच्या ध्यानात येईल. दोनदा पुन्हा वाचायला लावलं तुला. तू आपला पुढं गेलास."

निबंध छापून यावा म्हणून ह्या माणसानं अकरा वर्षं खारं पाणी तोंडात घोळवलं होतं. नापास करणारा परीक्षक त्यांच्याच अंगणात चालत आला होता, चूक त्याला बापजन्मी सापडणार नव्हती, नुसतं गप्प बसायचा अवकाश होता. आणि ह्यांनी बोट ठेवून दाखवली. मी पुष्कळ विद्वान बघितलेत, परदेशांत जाऊन आलेलेही. पण त्या ओट्यावर मला आपण फार मोठ्या माणसासमोर उभे आहोत असं वाटलं, तसं पुन्हा कुठं वाटलं नाही.

मी म्हणालो, "आता काय करायचं?"

"तू खरं लिही, मी खरं लिहितो."

मी संपादकांना सगळी हकीकत कळवली. गोपनीय निबंध मी लेखकालाच वाचून दाखवला, चूक लेखकानंच काढून दिली, चोरीचा आरोप माझ्या अकलेचा, आणि पुढचं परीक्षण कृपा करून दुसऱ्याकडं द्यावं. बाकीचे दोन निबंधही परत पाठवले. फळ्यावरचं कार्ड काढलं. फादरकडं जाऊन तो गाढव मीच असं सांगितलं. फादर म्हणाले, "सर, बरं झालं चहा घेतला नाही." मास्तरांनी त्या चाळीस घरांतले आकडे खोडून तिथं नुसत्या रेघा मारल्या आणि खाली एक ओळ लिहिली : या दिवसांत पाणी चाखलेलं नाही.

निबंध दुसऱ्या कुणाकडं तरी गेला आणि पास झाला. तो परीक्षक कोण ते मला आजवर कळलं नाही. कुरतडकर असतील तर मी त्यांची मनातल्या मनात माफी मागून ठेवली आहे. छापील अंक आल्यावर फादरनी चर्चच्या आवारात सगळ्या बागायतदारांना बसवून तो मराठीत वाचून दाखवला, आणि पाचसात जणांनी तरी तिसऱ्या दिवशी पंप बंद ठेवायचं कबूल केलं.

अंकाची एक प्रत घेऊन मी मास्तरांकडं गेलो. ते खुशीत होते, माझी पण भीड चेपली होती. म्हटलं, "मास्तर, एक विचारू? परीक्षक म्हणून मला शंभरात किती?"

मास्तरांनी थोडा विचार केला.

"निबंध मी लिहिला. तपासला मी. बाटल्या मी चाखल्या, चूक मी दाखवली. तू केलंस काय? पाकिटाला तिकीट लावून पोस्टात टाकलंस. त्याचे पाच घे."

मी खाली मान घालून ते पाच घेतले आणि घरी आलो. आता त्या माणसासमोर एवढं सगळं झाल्यावर आणखी कुठं कबुली देत बसू? तिकीट सुमननं लावलं होतं, आणि पोस्टातही तीच टाकून आली होती.